घरपट्टी माफ. घर कुठाय?

आज दाजींबरोबर बँकेत गेले होते. डोकं अजून ठणकतंय म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार, वेळ नसेल त्यांनी पुढे जा.

दाजी 24 वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून हवालदार म्हणून घरी आले. साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या आहेत, आता स्वतःचं घर हवंय. कर्ज 18 लाखांचं. मी साडेनऊला पोचले तर हा माणूस बँकेच्या पायरीवर आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, काखेत फाइल. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, सगळे कागद क्रमाने लावलेले.

टेबलावरचा मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. उठून उभा राहिला. "सर, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत," म्हणाला. चहा सांगितला. मग कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "सर, सिबिल 612 येतोय. सिस्टीम पुढे जाऊच देत नाही."

चहा टेबलावर यायच्या आत विषय संपला होता.

सिबिल म्हणजे कर्ज वेळेवर फेडतो की नाही याचा स्कोअर. आता 612 का, ते ऐका. दाजींनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती. 2019 साली ते कुपवाड्याकडे होते. त्याच सुमारास पगाराचं खातं एका बँकेतून दुसरीकडे गेलं आणि जुन्या खात्यातून हप्ते जाईनात. ऑगस्टमध्ये 370 हटलं, तिकडचे मोबाइल बंद झाले. आपण सगळ्यांनी तेव्हा तिरंग्याचे स्टेटस ठेवले होते, आठवतंय? मीपण ठेवला होता. दाजींचा घरी फोन यायचा तो कधीतरी युनिटमधून, दोन मिनिटांचा. त्या दोन मिनिटांत माणूस पोरांचं विचारेल की हप्त्याचं?

चार हप्ते थकले. वसुलीवाले ताईच्या दारात, भर दुपारी, सगळी गल्ली बघतेय, धाकटा कडेवर. शेवटी त्यातलाच एक म्हणाला, वहिनी, एकरकमी एवढे भरा, वरचे 11 हजार सोडून देतो, मिटवून टाका. ताईने अंगठी मोडली आणि भरले. पावती देवापुढे ठेवली होती तिने.

मिटलं नव्हतं. क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे जुन्या कर्जांच्या नोंदीत, त्या कर्जापुढे 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागलं. बँकेच्या लेखी याचा अर्थ, या माणसाने पूर्ण फेडलं नाही. ताईला हे कुणी सांगितलं? कुणीही नाही. मला तरी आज सकाळपर्यंत कुठे माहीत होतं.

आता माझं बघा. मी खासगी नोकरीत, उद्या काढलं तर परवा घरी. मला सहा दिवसांत होम लोन मिळालं, कारण माझा स्कोअर 781. तो कशाने आला? क्रेडिट कार्डावर साड्या घेऊन. बिल वेळेवर भरलं, एवढंच माझं कर्तृत्व. आणि दाजींची पेन्शन सरकार देतं, दर महिन्याला, न चुकता. त्यांच्या माघारी ताईला कौटुंबिक पेन्शन. कोण जास्त भरवशाचं, मी की ते?

बँकेतला पैसा ठेवीदारांचा असतो, मान्य. काही फौजी बाहेर आल्यावर कर्ज काढून बुडवतात हेही मान्य, आमच्याच आळीत एक आहे. पण किमान स्कोअर अमुकच हवा असं रिझर्व्ह बँकेने कुठेही सांगितलेलं नाही. ही रेघ बँकांनी आपापली ओढलीय. मग ती रेघ ओलांडून एखाद्याने ती फाइल उघडायला काय हरकत होती? उघडलीच नाही हो त्याने. दाजींनी फाइल पुढे केली, तो स्क्रीनकडेच बघत राहिला.

सरकारने 2020 मध्ये माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली. छान केलं. घर कुठाय पण? केंद्रीय सैनिक बोर्डाची घरकर्जाच्या व्याजात मदत आहे, ती शहिदांच्या घरच्यांना आणि युद्धात अपंगत्व आलेल्यांना. त्यांना मिळायलाच हवी. दाजी धडधाकट परत आले, त्यामुळे त्यात बसत नाहीत. अमेरिकेत 1944 पासून माजी सैनिकाच्या घरकर्जातल्या काही भागाची हमी सरकार घेतं आणि तिथल्या माजी सैनिक खात्याने स्कोअरचा किमान आकडा ठेवलेला नाही. तिकडच्याही बँका स्वतःचा आकडा लावतात, माहितीये, लगेच कॉमेंटमध्ये येऊ नका. पण निदान हमी तरी आहे ना कुणाची?

असो. चिडून झालं. ज्यांच्या घरी कुणी फौजेत आहे त्यांनी एवढं करा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, सिबिलसकट असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून. काढा आणि वाचा. 'सेटल्ड' दिसलं तर सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, ना-देय दाखला घ्या, नोंद 'क्लोज्ड' करून मागा. चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. आणि रिटायर होताना फौजेत मेडिकल करतात ना, तेव्हाच हा रिपोर्टही प्रत्येकाच्या हातात का देत नाहीत? नोकरीत असतानाच दुरुस्त होईल की.

परत येताना रिक्षात मी त्या मुलाला शिव्या घालत होते. दाजी म्हणाले, "त्याला कशाला बोलतीस? त्याला वरून ऑर्डर असंल."

घरी ताई दारातच उभी. "काय झालं?"

"एक कागद कमी पडला," दाजी म्हणाले आणि बूट काढायला बसले.

अंगठी मोडून तिने जे मिटवलं होतं, त्यानेच आज अडवलं, हे तिला अजून माहीत नाही. ती फेसबुकवर नाही म्हणून इथे लिहितेय. ओळखीच्यांनी कृपा करून तिच्यापुढे विषय काढू नका. सोमवारी आम्ही दोघं त्या फायनान्स कंपनीत 11 हजार भरायला जाणार आहोत. ताईला सांगितलंय, सैनिक कल्याण कार्यालयात काम आहे.