स्ट्रेप्टोकायनेजबद्दल: तुमची हरकत आणि माझी चूक

भाऊ, धावऱ्यावरच्या (कातडीवर लाली पसरत जाणाऱ्या आजारावरच्या) माझ्या लेखावर तुमच्या दोन हरकती आहेत. बाबांना हार्ट अटॅकमध्ये दिलेल्या स्ट्रेप्टोकायनेजला, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला, जंतूचं हत्यार म्हणणं म्हणजे लोकांना भेव दाखवणं, ही एक. आणि जंतू आपलंच एन्झाइम वापरतो तर दोष शरीराचा, मग अँटिबायोटिक कशाला, हळद पुरे, ही दुसरी.

औषध जंतूचंच आहे. स्ट्रेप्टोकॉकस या धावऱ्याच्या जंतूमधला एक पदार्थ माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतो, हे १९३३ मध्ये टिलेट आणि गार्नर यांनी दाखवलं. चूक माझी वेगळीच झाली, आणि ती तुम्ही पकडली नाही! मी त्याला ‘गुठळी कापणारं एन्झाइम’ लिहिलं. ते स्वतः काहीच कापत नाही. आपल्या रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या झोपलेल्या प्रथिनाला ते बिलगतं आणि जागं करतं. कापतं ते आपलंच प्लाझ्मिन, म्हणजे जागं झालेलं प्लाझ्मिनोजेन. एरवी त्याला आवरायला अँटिप्लाझ्मिन असतं, पण स्ट्रेप्टोकायनेज आणि प्लाझ्मिनच्या या जोडीपुढे त्याचं काही चालत नाही.

हळदीचं म्हणाल तर, आमच्या काकांच्या घोट्याला पऱ्हाटीचं धसकट लागलं होतं. जखम ज्वारीच्या दाण्याएवढी. हळदच भरली होती. तिसऱ्या दिवशी नडगी लाल, हात लावला तर तव्यासारखी. डॉक्टरांनी लालीच्या कडेनं बॉलपेनची रेघ मारली. दिवस मावळेस्तोवर लाली रेघेच्या दोन बोटं वर. जखमेभोवती शरीर फायब्रिनचं (गुठळीतल्या धाग्यांचं) कुंपण घालतं, आपण वावराला बोराटी लावतो तसं. ते काढायला हा जंतू बाहेरून माणूस आणत नाही, आपलाच सालदार फितवतो.

पुरावा? उंदराच्या प्लाझ्मिनोजेनवर या जंतूची मात्रा जवळपास चालत नाही. २००४ मध्ये संशोधकांनी उंदरांत माणसाचं प्लाझ्मिनोजेन तयार होईल असा जनुक घातला, तर त्याच जंतूनं कितीतरी जास्त उंदीर मेले. जंतूतलं स्ट्रेप्टोकायनेज काढून टाकलं तेव्हा मरण्याचं प्रमाण घटलं.

राहिला दोष. सालदार फितला म्हणून त्याला काढून टाकता येत नाही, प्लाझ्मिन नसेल तर नको तिथल्या गुठळ्या कोण साफ करणार? मारायचा तो फितवणारा, आणि त्याच्यावर पेनिसिलिन आजही चालतं. काका त्यानंच उठले.

बाबांचा डिस्चार्ज कागद मात्र जपून ठेवा. स्ट्रेप्टोकायनेज एकदा दिलं की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, म्हणून पुन्हा वेळ आली तर डॉक्टर सहसा दुसरं औषध निवडतात. आधी काय दिलं होतं, हे त्यांना त्या कागदावरूनच कळेल.