सत्पात्री मदत कशी करावी

अनोळखी माणूस अडचणीत दिसला, की भाबडे लोक त्याला ‘काय हवंय?’ असे विचारून बसतात. हा प्रश्न चुकूनही विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा लहान आणि आटोक्यातले निघते: घोटभर पाणी, एक फोन, फार तर दवाखान्यापर्यंत सोबत. मागणी एवढीशी निघाली की टाळायला सबब उरत नाही. त्याऐवजी ‘तुमच्यावर ही वेळ आलीच कशी?’ असे विचारावे. याचे उत्तर लांबते, त्यात सोडलेली नोकरी, थकलेले कर्ज किंवा मोडलेला संसार असे काहीतरी हमखास सापडते, आणि चूक त्याचीच होती हे एकदा ठरले की हात झटकायला आपण मोकळे.

पाहणीची सुरुवात पायांपासून करावी. पायांत धड चप्पल असेल तर तो खरा गरजू नाही. पाय अनवाणी असतील तर चप्पल विकून त्याने काय घेतले असेल, हे तुमच्यासारख्या जाणत्यांना सांगायला नको. कपडे स्वच्छ असल्यास तो सोंग करतो आहे आणि मळके असल्यास त्याला स्वतःचीच किंमत नाही, तेव्हा ती आपण तरी का करावी? हातात मोबाइल दिसला तर प्रकरण तिथल्या तिथे निकालात काढावे. रोजंदारीचे काम हल्ली फोनवरच कळते आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला घरच्यांनी गाठायचे ते त्या फोनवरच, असले खुलासे कुणी करू लागल्यास त्याच्याही पायांकडे पाहावे.

ज्याचा तोल जातो आहे, जीभ जड झाली आहे आणि विचारलेल्या प्रश्नाला जो भलतेच उत्तर देतो, तो प्यायलेला आहे हे ओळखायला वैद्यकशास्त्र लागत नाही. उलट त्या शास्त्राने गोंधळच होतो. मधुमेह्याच्या रक्तातली साखर एकदम उतरली की नेमकी हीच लक्षणे दिसतात, आणि तो शुद्धीत व गिळण्याच्या स्थितीत असेल तर त्याला ताबडतोब काहीतरी गोड द्यावे, असे डॉक्टर सांगतात. पक्षाघाताच्या झटक्यातही बोलणे असेच अडखळते आणि तिथे तर मिनिटामिनिटाला मेंदूचे नुकसान वाढत जाते. तरीही आपण घाई करू नये. काही अंतरावर उभे राहून, तोंडाला रुमाल लावून, निरीक्षण चालू ठेवावे; पुरेसा वेळ गेला की निदान आपोआप स्पष्ट होते.

पात्र-अपात्र पारखण्याच्या या शास्त्राला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्याने असे तत्त्व घालून दिले, की सरकारी आश्रयाला येणाऱ्याचे जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही वाईट असावे, म्हणजे खरोखर नाइलाज झालेलाच दार ठोठावेल. आत येणाऱ्या कुटुंबातल्या नवरा-बायकोंना वेगवेगळ्या भागांत ठेवत. (उपाशी माणसाचा खोटेपणा उघड करायला त्याची बायको दूर नेण्याहून अधिक कल्पक उपाय सुचवणे अवघड आहे.) पुढे १८६९ साली लंडनमध्ये दानाच्या शिस्तीसाठी एक संस्थाच उभी राहिली, आणि तिचे प्रतिनिधी घरोघरी जाऊन कोण पात्र, कोण अपात्र याच्या नोंदी ठेवू लागले.

रोख रक्कम तर मुळीच देऊ नये. गरिबाच्या हातात पैसा पडला की तो दारूत जातो, हे आपण सर्व जण जाणतो. जागतिक बँकेतल्या संशोधकांनी २०१४ साली निरनिराळ्या खंडांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. पण संशोधक काही आपल्याइतके रस्त्यावर हिंडत नाहीत. आपला स्वतःचा पगार कशावर उडतो, हा विषय येथे अप्रस्तुत आहे.

एवढी चौकशी करण्यास सवड नसेल, तर सदैव घाईत असावे. प्रिन्स्टनमधील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्यांच्यापैकी काहींना तर वाटसरूला मदत करणाऱ्या बायबलमधल्या शोमरोन्याच्या बोधकथेवरच भाषण द्यायचे होते, आणि वाटेत एक माणूस दाराशी कण्हत पडलेला होता. सवडीने निघालेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झाल्याचे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्के. काही जण त्याला ओलांडून करुणेवर बोलायला गेले.

एक सूचना मात्र तुमच्या स्वतःच्या उपयोगाची आहे, कारण भर गर्दीत कधीतरी तुम्हालाही भोवळ येऊ शकते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत केलेल्या आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काठी घेऊन कोसळणाऱ्याला प्रवाशांनी ६५ पैकी ६२ वेळा आपणहून मदत केली, तर अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली असलेल्याला ३८ पैकी १९ वेळा. उरलेल्या १९ वेळा आपल्या शास्त्राची बूज राखली गेली. तेव्हा कोसळण्यापूर्वी काठी जवळ असल्याची खात्री करून घ्यावी, कपडे स्वच्छ पण फार भारी नसावेत, मोबाइल आत लपवावा, आणि शुद्ध हरपण्याआधी आपण कष्टाळू व निर्व्यसनी आहोत, एवढे तरी चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकावे.