बोटांचे ठसे घेऊन आमच्या मुलांचं करिअर ठरवणारे हे कोण?

दहावीचा निकाल दुपारी लागतो आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू होतात. "मॅडम, मुलाला किती टक्के पडले? पुढचं काही ठरवलंय का? रविवारी आमचा फ्री सेमिनार आहे, आईवडील दोघंही या." मुलाचं नाव, शाळा, माझा नंबर, सगळं यांच्याकडे आधीच असतं. कुणी दिलं म्हणून विचारलं की "सिस्टिममध्ये आहे मॅडम." कसली सिस्टिम? शाळेनं विकलं, क्लासनं विकलं की प्रवेशाच्या चौकशीला गेलो तिथल्या रजिस्टरमधून उचललं, ते सांगा ना. नाही सांगत. आणि ज्यांनी आमची माहिती अशी उचलली, त्यांच्याच हातात पोराच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय द्यायचा!

गेली दोन वर्षं आमच्या घरात हेच चाललंय. आधी ताईचा मुलगा, आता माझी मुलगी. या काळात जेवढे करिअर कोच, करिअर मेंटॉर आणि करिअर कौन्सेलर बघितले, त्यातल्या बहुतेकांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. तुम्हाला हा अधिकार दिला कुणी?

डॉक्टरला नोंदणी लागते. वकिलाला सनद लागते. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचा परवाना भिंतीवर लावावा लागतो. करिअर कोच व्हायला काहीही लागत नाही. गाळा भाड्यानं घ्या, बाहेर फ्लेक्स लावा, त्यावर कोट घातलेला फोटो आणि खाली 'सर्टिफाइड'. कुणी सर्टिफाय केलं? कुठल्या तरी खासगी कंपनीनं, शनिवार-रविवारच्या वर्कशॉपनंतर. आणि ती कंपनी तेच सॉफ्टवेअर या लोकांना विकते. केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, खोट्या जाहिराती करू नका, वगैरे. त्यात कोचिंगची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येतून समुपदेशन स्पष्टपणे वगळलं आहे. खेळ, नृत्य, नाटक यांच्या रांगेत. म्हणजे फिजिक्स शिकवणाऱ्यावर बंधन, आणि "याला फिजिक्स झेपणार नाही" असं ठरवून टाकणारा मोकळा.

आता ठशांचं ऐका. माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त राग याचा आहे. डीएमआयटी म्हणतात त्याला, म्हणजे 'डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट', बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घ्यायचे आणि आठवड्याभरात रंगीत, जाडजूड रिपोर्ट हातात द्यायचा. त्यात डावा मेंदू इतके टक्के, उजवा मेंदू इतके टक्के, गणिती बुद्धी इतकी, संगीत इतकं, शिकण्याची पद्धत अमुक, योग्य शाखा तमुक. ताईनं यासाठी सात हजार रुपये मोजले. शाळेतच शिबिर भरलं होतं, त्यामुळे तिला वाटलं शाळेनं पारखूनच बोलावलं असणार. कुठल्याही आईला तसंच वाटेल.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, पहिल्या सहा महिन्यांत तयार होतात आणि मग जन्मभर तशाच राहतात. यांचा दावा असा की मेंदूही त्याच काळात घडतो, म्हणून ठशांत बुद्धी दिसते. अहो, जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा वेगळे असतात, अगदी एकसारखी दिसणारी जुळी असली तरी. मग त्यांच्या बुद्धीचे टक्केही वेगळे छापणार का? इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं, म्हणजे देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरपणे सांगितलं आहे. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ज्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा फोटो छापतात, त्यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते ही, कल्पना मांडली हे खरं. पण बोटांच्या ठशांवरून ती मोजता येते असं ते म्हणत नाहीत, उलट या प्रकाराला आपला पाठिंबा नाही हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तरी त्यांचा फोटो छापला जातो. लाज कशी वाटत नाही?

आमच्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये 'लॉजिकल' या रकान्यात कमी आकडा आला. पंधरा वर्षांचा मुलगा. गणितात फार हुशार नव्हता, पण रडतखडत का होईना सोडवत बसायचा. त्या रिपोर्टनंतर त्यानं वही मिटली. "मावशी, माझ्यात नाहीच आहे ते, मशीनमध्ये आलंय." मी त्याच्याशी वाद घातला, ताईनं घातला, त्याच्या सरांनी घातला. त्याच्या हातात छापील कागद होता आणि आमच्याकडे नुसतं बोलणं. ज्या माणसानं तो कागद दिला, त्यानं या मुलाशी पाच मिनिटंही बोलणं केलं नव्हतं. त्याला काय आवडतं, घरी कोण आहे, कशानं घाबरतो, काही नाही. बोटं दाबली आणि पुढचा मुलगा.

यापेक्षा वेगळं काम होऊ शकतं, हे मला माहीत आहे, म्हणून तर जास्त चीड येते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था कित्येक वर्षं मानसशास्त्रीय चाचण्या घेत आल्या आहेत. खरी चाचणी म्हणजे मुलाला बसवून काही तास सोडवायला द्यायची, वेळ लावून. भाषा, आकडे, आकृती, यंत्रांची समज असं वेगवेगळं तपासायचं, आवड वेगळी, स्वभाव वेगळा. मग मानसशास्त्र शिकलेला माणूस मुलाशी एकट्यानं बोलतो, नंतर आईवडिलांना समोर बसवतो आणि सांगतो की हे आज दिसतंय, हे बदलू शकतं, या तीन-चार वाटा विचारात घ्या. आपल्या राज्य सरकारनंही 2016 पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी, म्हणजे कुणाचा ओढा कशाकडे हे बघणारी चाचणी, शाळेतच, फुकट घेतली होती. तिच्यात उणिवा होत्या, मान्य. पण निदान कुणी त्या कागदाच्या मागे कॉलेजची सीट विकायला उभा नव्हता.

कारण खरा धंदा तोच आहे. सीट विकण्याचा. फ्री सेमिनार, फ्री टेस्ट, फ्री सेशन, आणि तिसऱ्या भेटीत अचानक एका विशिष्ट खासगी कॉलेजचं माहितीपत्रक टेबलावर. "या कॉलेजचं प्लेसमेंट जबरदस्त आहे, माझी तिथं ओळख आहे, सीट लवकर भरतात." विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं यांना. परदेशात पाठवणाऱ्यांचं तर सगळं घरच त्यावर चालतं. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले की हे लोक एमबीबीएससाठी कुठल्या कुठल्या देशांची नावं घेऊन येतात. एका कोचला मी विचारलं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा 2021 चा नियम माहीत आहे का? किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथंच 12 महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, आणि पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. नाहीतर परत येऊन इथं डॉक्टरकी करण्यासाठीच्या परीक्षेलाच बसता येत नाही. तो म्हणाला, "ते सगळं आमची टीम बघते." कुठली टीम? जमीन विकून पैसे भरणार तो बाप, सहा वर्षं घालवणार ती पोरगी, आणि बघणार म्हणे टीम!

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्येही, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमध्येही, तेच. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरून देण्याचे दहा-पंधरा हजार. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश करणाऱ्या सरकारी कक्षाच्या, साइटवर फुकट मिळतात, कागदपत्रांसाठी सुविधा केंद्रं आहेत. पण गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनिअर होणार अशा आईबापांना हे कुणी सांगत नाही. त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो, एक पर्याय चुकला तर वर्ष गेलं. त्या गोळ्यावर हे पैसे उकळतात. आणि मी डोळ्यांनी बघितलंय, अशा भरलेल्या फॉर्ममध्ये वरच्या क्रमांकांत कॉलेजं कुठली होती ते. मुलाला चांगल्या सरकारी कॉलेजात जागा मिळण्यासारखे पर्सेंटाइल असताना ती नावं खाली ढकललेली, आणि कोचच्या ओळखीची वर.

फसल्यावर जायचं कुठं? ग्राहक आयोगात जाता येतं, पैसे देऊन सेवा घेतली की आपण ग्राहकच. पण पावती कुठाय? रोख घेतात, किंवा कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर यूपीआय करायला लावतात. आणि आईवडील तोवर ॲडमिशनच्या धावपळीत इतके दमलेले असतात की भांडायचं त्राण उरत नाही. वर बायकोनं नवऱ्याला आणि नवऱ्यानं बायकोला दोष देणं चालू. कोचवर कुणी बोट ठेवत नाही.

आणि शाळांनो, तुम्हाला तर हात जोडून विचारते. तुमचा हॉल या लोकांना देता कशाला? दहा वर्षं आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला, म्हणून तुमच्या दारात उभ्या असलेल्या माणसावरही ठेवतो. कुठली चाचणी आहे, कुठल्या मुलांवर तपासलेली आहे, घेणाऱ्याची मानसशास्त्रातली पदवी काय, हे विचारायला मुख्याध्यापकांना किती वेळ लागतो?

माझ्या मुलीसाठी परवा एकाकडे गेले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "मला एक वाक्य तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, की कुठल्याही कॉलेजकडून, क्लासकडून किंवा विद्यापीठाकडून तुम्हाला पैसे मिळत नाहीत. मी आत्ता फी भरते." त्यानं आधी हसून टाळलं, मग "असं लिहून देण्याची आमची पॉलिसी नाही" म्हणाला. मी पर्स बंद केली आणि मुलीला घेऊन बाहेर पडले. बाहेरच्या बाकड्यांवर अजून चार आईवडील मुलांना घेऊन बसले होते. त्यांनाही तिथंच, मोठ्यानं सांगितलं, हेच वाक्य लिहून मागा म्हणून.