गाझान खानाची फळी

चंगीझ खानावरून सुरू झालेला वाद नेहमीप्रमाणे कत्तलींच्या आकड्यांत अडकला असता. परंतु शुभदाने गाझान खानाचे नाव काढले आणि चहा निवला तरी कट्ट्यावरून कोणी उठेना. चंगीझचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केले; त्याचा हा पणतू १२९५ मध्ये इराणच्या तख्तावर बसला आणि १३०४ मध्ये वारला, तेव्हा अवघा ३२ वर्षांचा होता.

विनायकच्या मते मंगोलांपैकी खऱ्या अर्थाने राज्य केले ते यानेच. त्याच्या आधी वसुलीचे कारकून आणि दरबारचे जासूद गावावर टोळधाडीसारखे उतरत, घरात ठाण मांडत, जनावरे ओढून नेत. त्यामुळे लोक मुद्दाम घर पडके ठेवत आणि आत जाण्यासाठी जमिनीखालून वाकड्यातिकड्या वाटा खणत. गाझानने करांचे दर आणि हप्ते ठरवून दिले आणि ते लाकडावर, दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून गावाच्या तोंडाशी लावण्याचा हुकूम काढला. वजनेमापेही राजधानी तब्रीझच्या मापाप्रमाणे सर्वत्र एकसारखी केली.

‘हे सगळे तुला सांगितले कोणी?’ असे सलीमने विचारले, आणि प्रश्न वर्मी लागला. ही हकिकत मुख्यतः रशीदुद्दीनच्या इतिहासातून येते, आणि रशीदुद्दीन हा गाझानचाच वजीर. कारभाऱ्याने धन्याची लिहिलेली बखर असेल, तर आधीचा अंधार जितका गडद तितका नंतरचा उजेड लख्ख दिसणारच. शिवाय ज्या नवरोझ नावाच्या मंगोल सरदाराने गाझानला इस्लाम स्वीकारायला लावून तख्त मिळवून दिले, त्यालाच त्याने १२९७ मध्ये संपवले. आणि स्वतः बौद्ध भिक्षूंच्या सहवासात वाढूनही गादीवर येताच बौद्ध मंदिरे पाडायला लावली, हेही सलीमने ऐकवले.

यावर शुभदाने काढलेला मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटला. रशीदुद्दीनने गाझानच्या तोंडी सरदारांपुढचे एक भाषण घातले आहे. त्याचा आशय असा, की मी काही रयतेचा कैवारी नाही. लुटायचेच असेल तर माझ्याइतका समर्थ दुसरा कोणी नाही, चला, मिळून लुटू. पण कुणब्याचा बैल आणि बियाणे हिसकावल्यावर पुढच्या वर्षी खाणार काय? शुभदा म्हणाली, ‘अरे, खुशामतच करायची असती तर वजिराने धन्याच्या तोंडी दयेचे चार शब्द घातले असते. इतका कोरडा हिशेब कोण मुद्दाम रचेल?’ मला हे पटले, जरी हुशार वजिराला कोरडेपणातही स्तुती साधता येते, ही सलीमची पुस्ती अगदीच टाकाऊ नव्हती.

विनायकने मग चौदाव्या शतकातील इराणी इतिहासकार हमदुल्ला मुस्तौफीचे आकडे काढले: वसूल आधी १,७०० तुमान, म्हणजे १ कोटी ७० लाख दिनार होता, तो गाझानच्या काळात २,१०० तुमानांवर गेला. ‘म्हणजे रयत सुखी झाली, की वसुली पक्की झाली?’ सलीमने लगेच विचारले. मुस्तौफीही महसूल खात्यातलाच माणूस, ही आठवण त्याने वर करून दिली.

विनायक पुन्हा त्या कोरलेल्या फळीकडे वळला. सलीम हसून म्हणाला, की अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला तिचा काय उपयोग? शुभदाने कप खाली ठेवला. ‘ती कुणब्यासाठी नव्हतीच मुळी,’ ती म्हणाली. ‘कारकुनाला वाचता येत होते ना?’