कर्ण आडवा आला

कपाट 230 सेंटिमीटर उंच, छत 235. एवढी वजाबाकी मला तोंडी येते. त्यामुळे फळ्या जमिनीवर पसरल्या आणि कपाट आडवंच जोडून काढलं. शेवटचा स्क्रू पिळला, कंबर सरळ केली आणि बायकोला हाक मारली, "ये गं, उभं करू या!"

अर्ध्यापर्यंत मस्त आलं. मग आणखी थोडं. मग वरून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि रंगाचे पोपडे माझ्या डोक्यावर पडले. कपाटाचा पुढचा वरचा कोपरा छतात रुतला होता. महाभारतातल्या कर्णाचं निदान चाक तरी जमिनीत रुतलं, माझा कर्ण थेट छतात.

आवाज ऐकून लेक आली. शाळेत तिची सध्या त्रिकोणमिती चालू आहे, म्हणजे दया कुठून असणार? "बाबा, तुम्ही फक्त उंची मोजलीत? कपाटाची खोली 60 आहे ना? मग उभं करताना छताखालून उंची जात नाही, कर्ण जातो."

माझ्या खांद्यावर कपाट, आणि ही फरशीवर वही उघडून बसली. 230 चा वर्ग 52,900, 60 चा वर्ग 3,600. बेरीज 56,500, वर्गमूळ 237.7. "जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर जागा कमी पडते," तिने जाहीर केलं. मला ते खांद्याला आधीच कळलं होतं.

एवढ्यावर थांबली असती तर ती माझी मुलगी कसली! "आता कर्णाचा पायथ्याशी कोन काढते. समोरची बाजू भागिले लगतची, मग व्यस्त टॅन." बटणं दाबली. "1.3 अंश."

"अगं, 1.3 अंश म्हणजे जवळपास आडवा! मग छताला काय लागलंय?"

कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच एककावर होता. तो अंशांवर आणल्यावर 75.4 आलं. मग तिला वाटलं, कपाट नेमकं कितीवर अडलंय तेही पाहावं. त्याला 230 गुणिले साइन अधिक 60 गुणिले कोसाइन असं काहीतरी मांडावं लागतं. मांडलं तिने, सावकाश, समास सोडून. उत्तर आलं, जमिनीपासून सुमारे 67 अंश.

"याचा आत्ता उपयोग काय?" मी कण्हत विचारलं.

"ताळा, बाबा." आणि कोनमापक घेऊन माझ्या पायाशी वाकली.

तोवर बायकोने मोकळ्या हाताने माहितीपुस्तिका ओढून घेतली होती. (मोकळा हात! म्हणजे सगळं वजन माझ्याकडेच होतं.) त्यात स्पष्ट छापलं होतं: आडवं जोडायचं असेल तर छत किमान 240 हवं. "अहो, हे पान तुम्ही उघडलंत तरी का?" उघडलं होतं. त्यावर स्क्रू ठेवले होते.

पायथागोरसवर राग काढण्यातही अर्थ नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखायच्या जुन्या नियमांत, हाच नियम त्याच्याही आधीचा आहे, आणि तिथे त्रिकोण नाहीच, आयताच्या कर्णावर ताणलेली दोरी आहे. म्हणजे थेट माझ्या कपाटाची बाजूच की! वेदी बांधणारे आधी दोरी ताणून बघायचे. मी थेट स्क्रू पिळले.

शेवटी कपाट पुन्हा आडवं केलं आणि खालचा 10 सेंटिमीटरचा पाया सोडवला. उरलं 220. लेकीने न विचारता सांगितलं, "कर्ण 228, जाईल." गेलं. मग उभं कपाट दोघांनी उचललं आणि तिने पाया खाली सरकवला. वर पाच सेंटिमीटर उरले, माझ्या वजाबाकीप्रमाणे. हे मी दोनदा बोलून दाखवलं, कोणी लक्ष दिलं नाही.

रात्री ती गृहपाठ घेऊन आली. "बाबा, 5 मीटरची शिडी, पाय भिंतीपासून 3 मीटर दूर. ती भिंतीला किती उंचीवर टेकेल?"

"छत किती उंच आहे ते आधी सांग," मी म्हणालो.