‘नॅशनल करन्सी’ छापलंय म्हणून नोट लाखाची होत नाही

एक दावा बराच फिरतो आहे: जुन्या अमेरिकी नोटेवर ‘नॅशनल करन्सी’ आणि एखाद्या बँकेचं नाव दिसलं, तर ती लाखमोलाची, बँक बुडालेली असेल तर आणखी दुर्मीळ, विकण्याआधी मात्र नोट धुऊन, इस्त्री करून घ्या. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी नावाचं. १९२९च्या मालिकेत तपकिरी शिक्क्याच्या दोन वेगळ्या नोटा आहेत आणि दोन्हींवर ‘नॅशनल करन्सी’ लिहिलेलं आहे. राष्ट्रीय बँकांच्या, म्हणजे केंद्र सरकारचा परवाना असलेल्या खासगी बँकांच्या, नोटेवर त्या बँकेचा चार्टर नंबर (परवान्याचा क्रमांक) ठळक काळ्या अंकांत असतो. फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या) बँकांच्या नोटेवर त्या जागी अक्षर असतं. दावा करणाऱ्यांना हा फरकच माहीत नाही. नोट राष्ट्रीय बँकेची निघाली, तरी १८६३ ते १९३५ या काळात १२,०००हून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या बँकांच्या १९२९च्या नोटा आजही भरपूर मिळतात. वापरलेल्या नोटेला दर्शनी किमतीच्या काही पटच येतात.

किंमत ठरवतं ते गाव. त्याच वर्षाची, त्याच चित्राची १० डॉलरची नोट वायोमिंग राज्यातल्या छोट्या गावच्या बँकेची असेल आणि त्या बँकेच्या दोन-तीनच नोटा उरल्या असतील, तर भाव कुठच्या कुठे जातो. कारण आपल्याच गावची नोट हवी असलेले संग्राहक अमेरिकेत पुष्कळ आहेत. १९१२ साली राज्यं होण्याआधीच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या नोटांवर ‘टेरिटरी’ हा शब्द असेल, तर मागणी आणखी वाढते.

बुडालेल्या बँकेचा मुद्दा वरवर पटतो, म्हणूनच तो जास्त फसवतो. या बँकांना नोटा काढण्यासाठी सरकारी रोखे ट्रेझरीकडे (अमेरिकी अर्थखात्याकडे) तारण ठेवावे लागत. बँक बुडाली तरी नोटेचे पूर्ण पैसे मिळत; नोटा परत जात आणि नष्ट होत. चालू बँकांच्या फाटक्या नोटांचंही तेच व्हायचं. म्हणजे बँकेचं काय झालं यावरून काहीच कळत नाही. मुळात नोटा किती निघाल्या आणि आज किती उरल्या, हे पाहावं लागतं.

आणि कृपा करून नोट धुऊ नका. धुतल्यानं कागदाचा मूळ करकरीतपणा जातो, शाई फिकटते. इस्त्रीनं घडी दिसेनाशी होते, पण भिंगाखाली लगेच सापडते. १९२९पूर्वीच्या बऱ्याच नोटांवर बँकेच्या अध्यक्षाची आणि कॅशियरची शाईनं केलेली सही असते, ती पाण्यात पुसट होऊ शकते. मळलेली, घडीची, पण धुणं-इस्त्री न केलेली नोट जाणकार अधिक भावानं घेतात.