हँडल उजवं की डावं?

खिडकीचं हँडल तुटलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. पांढरं मळतं, सोनेरी भपकेबाज, काळं उदास. माझा रंगाला विरोध नाही. पण खिडकीला रंग कळत नाही, तिला मिलिमीटर कळतात.

बिजागरीवर उघडणाऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडकीचं जुनं हँडल काढून उलटं धरलं की मागे चौकोनी दांडा दिसतो. तो बहुधा 7 मिलिमीटर जाडीचा असतो आणि दोन स्क्रूंच्या मध्यांतलं अंतर 43. ही दोन मापं पुष्कळदा आपसूक जुळतात आणि माणूस तिथेच बेसावध होतो. खरी फसवते ती दांड्याची लांबी. ती हँडलच्या बैठकीपासून टोकापर्यंत मोजायची. दांडा लांब असला तर आत कुठेतरी टेकतो आणि हँडल रुसलेल्या व्याह्यासारखं झडपेपासून जरा अंतर राखून उभं राहतं. आखूड असला तर तो आतल्या यंत्रणेत जेमतेम टोकावर अडकतो, सुरुवातीला सोज्वळ वागतो आणि मग कडा झिजल्या की नुसता गरगर फिरतो. म्हणून शंका असेल तर लांबच घ्यावा, हे माझं ठाम मत. जास्तीचा भाग हॅक्सॉने कापून टोक कानशीने घासता येतं. आखूड दांडा ओढून वाढत नाही.

काही हँडलना दांडाच नसतो, पुढे नाक असतं. तिथे बैठकीपासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजा. ती कमी पडली तर नाक चौकटीवरच्या पट्टीवर चढतच नाही. जास्त झाली तर खिडकी बंद होते, पण वाऱ्यात रात्रभर खडखडते. आणि मूठ एका बाजूला वाकलेली असेल तर डावं-उजवं आलंच. इथे अंदाज कामाचा नाही. बिजागरी दिसेल असा आतल्या बाजूने फोटो काढून दुकानात दाखवावा.

स्क्रू दिसत नाहीत म्हणून हँडल उपटू नये. ते प्लास्टिकच्या टोपणाखाली किंवा फिरणाऱ्या पट्टीखाली लपलेले असतात. झडप उघडी ठेवूनच काम करा. जुनं हँडल ज्या दिशेला होतं, त्याच दिशेला नवं बसवा. स्क्रू हातानेच आवळा: ड्रिलच्या जोराने आटे जातात, आणि फार आवळलं की हँडलच जाम होतं. लांब स्क्रू तर थेट आतल्या यंत्रणेला अडतो.

झडप उघडी असतानाच हँडल फिरवून कडेचे खटके सरकतात का ते पाहा. खिडकी बंद करून मग पाहू म्हणणारा माणूस ती उघडायला दुसरा माणूस शोधतो. उघड्या झडपेवरही हँडल जड फिरत असेल तर खटक्यांना तेल द्या. उघड्यावर हलकं आणि बंद करताना जड असेल तर झडप बहुधा खाली लोंबली आहे. हे खरं तर हँडल विकत घेण्याआधीच तपासायचं, पण तेव्हा घर रंग ठरवण्यात गुंतलेलं असतं. लोंबती झडप रोज जोर लावून ओढली जाते, म्हणूनच पहिलं हँडल तुटलं आणि दुसरंही तुटेल. तेव्हा नवं हँडल खोक्यात ठेवा आणि आधी बिजागरीकडे वळा.